परक्या मुळाचं घरचं नाव

पूर्व आणि मध्य युरोपातल्या ज्यू घरांमध्ये मुलाला जोडनाव ठेवण्याची चाल काही शतकं टिकून होती. त्स्वी हिर्श, दोव बेर, झेएव वोल्फ ही त्यातली अगदी नेहमीची नावं. त्स्वी म्हणजे हिब्रूत हरीण आणि हिर्श म्हणजे यिडिशमध्येही हरीणच. दोव आणि बेर ही दोन्ही अस्वलं, झेएव आणि वोल्फ दोन्ही लांडगे. एकच नाव दोनदा घेतल्यासारखं वाटतं, पण दोन्ही भागांची कामं वेगळी होती. पहिला भाग हिब्रू. सिनेगॉगमध्ये तोरा वाचायला पुकारा होई तो या नावाने, आणि थडग्यावर कोरलं जाई तेही हेच. त्याला 'शेम हाकोदेश', म्हणजे पवित्र नाव म्हणत. दुसरा भाग घरात, गल्लीत, बाजारात हाक मारायचा. त्याला 'किन्नुई' म्हणत. याच साच्यात बसलेलं, आज फार क्वचित कानी पडणारं एक नाव आहे : कलोनिमस काल्मन. काल्मन हे उघडच बाजारातलं नाव. मग कलोनिमस हे पवित्र नाव झालं. अडचण अशी की कलोनिमस हिब्रू नाहीच. ते नखशिखान्त ग्रीक आहे. 'कालोस' म्हणजे सुंदर, चांगला; 'ओनिमा' म्हणजे नाव. ज्याचं नाव चांगलं, ज्याचा लौकिक चांगला, तो कलोनिमस. ज्या आसनावर अब्राहम, मोशे आणि शमुएल यांनी बसायचं तिथे हा ग्रीक पाहुणा कधी येऊन बसला आणि त्याला कोणी उठवलं कसं नाही, हा या लेखाचा विषय. माझं म्हणणं असं की कलोनिमस ज्यू झालं ते त्याच्या अर्थामुळे नाही. एका घराण्याने ते आजोबाकडून नातवाकडे असं पिढ्यान्‌पिढ्या फिरवलं आणि त्या घराण्याच्या हाती प्रार्थना, विद्या आणि समाजाचं पुढारपण होतं, म्हणून ते ज्यू झालं. शब्दकोशातला अर्थ या नावाच्या बाबतीत सगळ्यांत कमी कामाचा आहे.

सुरुवातच मोठी गमतीची आहे. ज्यू वाङ्मयात हे नाव भेटतं ते तल्मूदमध्ये, आणि ते नाव असलेला माणूस ज्यू नाही. ओंकेलोस नावाच्या एका धर्मांतरिताची कथा 'अवोदा झारा' या प्रकरणात येते. रोमच्या बादशहाने त्याला पकडून आणायला सैनिक धाडले, त्याने बोलून बोलून त्यांनाच ज्यू केलं. दुसरी तुकडी आली, तिचंही तेच झालं. या ओंकेलोसच्या बापाचं नाव कलोनिमस. तोराचं अरामी भाषांतर परंपरेने ज्याच्या नावावर जमा आहे तो हाच ओंकेलोस. म्हणजे परंपरेच्या लेखी पहिला कलोनिमस हा एक रोमन, मूर्तिपूजक बाप. शिवाय 'गिट्टीन' या दुसऱ्या प्रकरणात याच ओंकेलोसच्या बापाचं नाव 'कलोनिकोस' असं पडतं, आणि तिथे अर्थ बदलून 'सुंदर विजयाचा' असा होतो. यावरून कोणी म्हणेल की मूळ नाव कालिनिकोसच असणार, ते ग्रीकांत चांगलं रुळलेलं होतं. नकलनविसाच्या हातून एक अक्षर बदललं आणि पुढे तेच चालू राहिलं. तल्मूदच्या हस्तलिखितांपुरती ही शंका रास्त आहे. पण पुढच्या घराण्याच्या बाबतीत ती टिकत नाही, कारण तिथे आपल्याजवळ ज्यू नकलनविसावर अवलंबून नसलेला साक्षीदार आहे. मेर्झेबुर्गचा बिशप थिएटमार याने १०१८ साली मरण येण्याआधीच्या वर्षांत लॅटिनमध्ये बखर लिहिली. तिच्यात एका ज्यूचं नाव येतं, आणि ते मकारासकट 'कालोनिमुस' असं येतं. या ख्रिस्ती बिशपने तल्मूदची हस्तलिखितं चाळून हे नाव उचललं असण्याचा प्रश्नच नाही. त्याने कानावर आलं ते लिहिलं. दहाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव लोकांच्या तोंडी कसं होतं, ते त्यातून कळतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हिब्रूत 'शेम तोव' असं नाव आहे, आणि त्याचा अर्थ नेमका तोच : चांगलं नाव. चांगलं नाव उंची तेलाहून मोलाचं, अशा अर्थाचं वचन बायबलच्या उपदेशकाच्या पुस्तकात आहेच. तेव्हा कलोनिमस हे शेम तोवचं ग्रीक भाषांतर, बाहेरून ग्रीक पण आतून हिब्रू, आणि म्हणूनच त्याला पवित्र नावाचा मान मिळाला, असं सांगितलं जातं. हे उत्तर इतकं नीटनेटकं आहे की त्याच्यावर विश्वास ठेवायचा मोह होतो. पण पुरावा उलट दिशेने बोट दाखवतो. शेम तोव हे व्यक्तिनाव म्हणून आपल्याला ठळकपणे दिसतं ते मध्ययुगीन स्पेनमध्ये. शेम तोव इब्न फलाकेरा हा तत्त्वज्ञ तेराव्या शतकातला, आणि 'सांतोब' अशा स्पॅनिश उच्चाराने ओळखला जाणारा करियोनचा कवी चौदाव्या शतकातला. कलोनिमस त्याच्या कितीतरी आधी इटलीत नांदत होतं. भाषांतर आधी आणि मूळ नंतर, असा उलटा क्रम गृहीत धरायचा तर त्याला काही आधार हवा. दुसरी गोष्ट, ज्यू समाजात जिथे परभाषेतलं नाव हिब्रू नावाचा अर्थ सांगतं तिथे दोन्ही नावं जोडीने नांदताना सापडतात. सतराव्या शतकात घटस्फोटाच्या पत्रात कोणतं नाव कसं लिहावं याची यादी आपल्या 'बेत शमुएल' या टीकेत देणाऱ्या पंडिताचं स्वतःचं नाव बघा : शमुएल बेन उरी श्रागा फेबुस. त्याच्या वडिलांच्या नावात उरी हा हिब्रू 'माझा प्रकाश', श्रागा हा अरामी दिवा आणि फेबुस हा ग्रीक सूर्यदेवाचा तेजस्वीपणा, असे तीन भाषांतले तीन दिवे एकापुढे एक लावलेले आहेत. 'शेम तोव कलोनिमस' ही जोडी मात्र अशी रूढ झालेली दिसत नाही. रूढ झाली ती 'कलोनिमस काल्मन'. म्हणजे जोडनावांच्या व्यवस्थेने कलोनिमसकडे हिब्रू नावाची सावली म्हणून पाहिलं नाही. त्यालाच मुख्य नाव मानलं आणि त्याच्याखाली दुसरं धाकटं नाव जोडलं. अर्थाचा योगायोग कोणाच्या लक्षात आला नसेल असं मी म्हणत नाही. जाणत्यांना तो कळतच असणार, आवडतही असणार. पण नावाला प्रतिष्ठा त्यातून आली, हे सिद्ध होत नाही.

मग ती आली कुठून? त्यासाठी आधी इटलीत जावं लागतं. प्राचीन रोममधल्या ज्यूंच्या भुयारी दफनभूमींत जे शिलालेख सापडले त्यांतले बहुसंख्य ग्रीकमध्ये आहेत, उरलेले बरेचसे लॅटिनमध्ये. हिब्रू दिसते ती 'शालोम'सारख्या एखाददुसऱ्या शब्दापुरती. या मंडळींना ग्रीक परकी नव्हतीच, ती त्यांची रोजची भाषा होती. दक्षिण इटलीवर पुढे कैक शतकं बायझंटाइन सत्ता राहिली, आणि तिथल्या ज्यूंनी नवव्या शतकाच्या सुमारास जोमाने हिब्रूकडे वळण घेतलं तेव्हा जुनी ग्रीक नावं काही एका रात्रीत पुसली गेली नाहीत. अशा मातीतलं एक घराणं तोस्कानातल्या लुक्का शहरात होतं. त्याची हकिगत सांगणारा मुख्य साक्षीदार म्हणजे वर्म्सचा एलिआझार, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात वारलेला, स्वतः त्याच कुळातला. तो सांगतो की बगदादच्या शमुएलचा मुलगा आरोन हा काही कारणाने देश सोडून इटलीत आला, त्याने प्रार्थनांची रहस्यं लुक्कातल्या मोशे बेन कलोनिमसला शिकवली, आणि मग चार्ल्स राजाने या मोशेला मुला-नातलगांसकट ऱ्हाइनकाठच्या माइन्त्सला नेऊन वसवलं. मोशेच्या एका मुलाचं नाव पुन्हा कलोनिमस. हा चार्ल्स राजा कोणता, यावर इतिहासकारांनी बरीच शाई खर्च केली आहे. कोणी ८१४ साली वारलेल्या शार्लमेनचं नाव घेतं, कोणी त्याच्या नातवाचं, ८७७ साली वारलेल्या टकल्या चार्ल्सचं. कोणी म्हणतं की हे स्थलांतर दहाव्या शतकातलं आणि राजाचं नाव नंतर चिकटवलेलं. कुळाच्या मुळाशी सम्राट असावा ही हौस सार्वत्रिक आहे, त्यामुळे मला त्या वादात फारसा रस नाही. महत्त्वाचं हे की घराण्याने आपलं मूळ सांगताना तीन गोष्टी एकत्र गुंफल्या : बगदादची विद्या, राजाचं आमंत्रण आणि कलोनिमस हे नाव.

थिएटमारच्या बखरीतला प्रसंग याच काळातला. जुलै ९८२ मध्ये दक्षिण इटलीत, कालाब्रियाच्या किनाऱ्याजवळ, सम्राट दुसरा ओटो सिसिलीच्या अरबांशी लढला आणि दाणादाण होऊन हरला. तो पळत सुटला. तेव्हा कालोनिमुस नावाच्या ज्यूने आपला घोडा त्याला दिला. ओटो त्या घोड्यावर बसून समुद्रात शिरला आणि दिसलेल्या गलबताकडे गेला. गलबतवाल्यांनी त्याला घेतलं नाही आणि ते निघून गेलं. तो किनाऱ्याला परत वळला, तर तो ज्यू तिथेच उभा होता, धन्याचं काय होतं या काळजीत. मागून शत्रू येत होता. तेवढ्यात दुसरं गलबत आलं, त्यावरच्या ओळखीच्या माणसामुळे सम्राट वाचला. घोडा देऊन पायउतार झालेल्या माणसाचं पुढे काय झालं, ते बिशप सांगत नाही; त्याला सम्राटाशी कर्तव्य. हा कालोनिमुस लुक्का-माइन्त्सच्या कुळातलाच, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण नाव इतकं दुर्मीळ, आणि सम्राटाच्या पदरी असलेला ज्यू म्हणजे बहुधा बड्या घरचा. त्यामुळे संशयाचा फायदा मी घराण्याला देतो.

माइन्त्समध्ये हे नाव कसं फिरत राहिलं ते पाहण्यासारखं आहे. कलोनिमसचा मुलगा मेशुल्लाम, मेशुल्लामच्या वंशात पुन्हा कलोनिमस, कलोनिमसच्या पोटी पुन्हा मेशुल्लाम. मध्येच मोशे, मध्येच यकुतिएल, पण दोन-तीन नावांचं रहाट सतत फिरत असतं. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सांध्यावर होऊन गेलेला मेशुल्लाम बेन कलोनिमस हा मोठा स्तोत्रकार. 'अमित्स कोआह' हे त्याचं दीर्घ काव्य, ज्यात जेरुसलेमच्या मंदिरातला महायाजकाचा प्रायश्चित्ताचा विधी सांगितला आहे, ते अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंच्या योम किप्पूरच्या प्रार्थनेत जाऊन बसलं. इथेच माझ्या मुद्द्याचा गाभा आहे. वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी म्हणायच्या पोथीत कर्ता म्हणून ज्या बापलेकांची नावं येतात त्यांतलं एक नाव कलोनिमस असेल, तर ते नाव कुठल्या भाषेतलं हा प्रश्न पोथी म्हणणाऱ्याला पडत नाही. त्याच्या दृष्टीने ते नाव पोथीतलंच. 'ऊनेताने तोकेफ' या नववर्षाच्या आणि प्रायश्चित्तदिनाच्या प्रसिद्ध स्तोत्राची दंतकथाही हेच करते. माइन्त्सचा अम्नोन नावाचा हुतात्मा मेल्यावर तिसऱ्या दिवशी स्वप्नात आला आणि त्याने ते स्तोत्र शिकवलं, असं तेराव्या शतकातल्या 'ओर झारुआ' या ग्रंथात आहे. कोणाच्या स्वप्नात आला? कलोनिमस बेन मेशुल्लामच्या. स्तोत्र प्रत्यक्षात त्याहून जुनं आहे असं अभ्यासकांचं मत, आणि ते पटण्यासारखं आहे. पण दंतकथेला स्वप्न पाहायला एक विश्वासू माणूस हवा होता, आणि तिने कलोनिमस निवडला, यातच नावाचं वजन दिसतं.

या नावावर रक्ताचा शिक्का बसला तो १०९६ साली. पहिल्या क्रूसेडची टोळधाड ऱ्हाइनच्या खोऱ्यात आली तेव्हा माइन्त्सच्या ज्यूंचा प्रमुख कलोनिमस बेन मेशुल्लाम होता. हिब्रू बखरी सांगतात की त्याने इटलीत असलेल्या सम्राट चौथ्या हेन्‍रीकडे जासूद पाठवून संरक्षणाचा हुकूम मिळवला, आणि ज्यूंच्या जिवावर उठलेल्या क्रूसेडच्या सरदाराला, गॉडफ्रीला, पैसे देऊन शांत केलं. म्हणजे राजकारणातले नेहमीचे दोन्ही मार्ग त्याने वापरून पाहिले. २७ मे रोजी एमिखो या दुसऱ्या क्रूसेडी सरदाराची फौज शहरात घुसली तेव्हा दोहोंचाही उपयोग झाला नाही. आर्चबिशपच्या वाड्यात आसरा घेतलेल्यांची कत्तल झाली, कित्येकांनी धर्म सोडण्यापेक्षा आपल्या हातांनी आपली माणसं मारली. कलोनिमस ५३ जणांसह एका भांडारखोलीत लपला. आर्चबिशपने त्यांना रात्री नदीपार र्‍यूडेसहाइमला हलवलं आणि मग बाप्तिस्मा घ्या, नाहीतर मी काही करू शकत नाही, असं कळवलं. तिथे सगळे मेले. कलोनिमस कसा मेला याच्या एकाहून अधिक कथा बखरीतच दिल्या आहेत, आणि बखरकाराने त्यांतली एक खरी म्हणून निवडलेली नाही. अश्केनाझी समाजात मेलेल्या वडीलधाऱ्याचं नाव नव्या मुलाला ठेवायची रीत. त्यामुळे एखाद्या नावाचा माणूस धर्मासाठी मेला की ते नाव पुढच्या पिढीवर जणू कर्ज होऊन बसे. १०९६ नंतर कलोनिमस नाव परकं म्हणून टाकून देणं ऱ्हाइनकाठी कोणाला सुचणंच अवघड होतं. श्पायर, वर्म्स आणि माइन्त्स ही तीन गावं हिब्रू आद्याक्षरांवरून 'शूम' म्हणून ओळखली जातात. २०२१ साली युनेस्कोने त्यांच्या ज्यू अवशेषांना जागतिक वारशात घेतलं.

एकच घराणं एवढं बलवान कसं, की त्याच्या मागे सगळा समाज जावा, असं कोणी विचारेल. त्याला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे कलोनिमस फक्त ऱ्हाइनकाठी नव्हतं. फ्रान्सच्या दक्षिणेला नार्बोनमध्ये दाविद राजाचे वंशज म्हणवणारं 'नासी' घराणं होतं, आणि तिथे कलोनिमस व तोद्रोस ही दोन नावं आलटून पालटून येत. तोद्रोस हाही ग्रीकच, थिओडोरोस, देवाची देणगी. बाराव्या शतकात तुडेलाचा प्रवासी बेंजामिन तिथून गेला तेव्हा त्याने तोद्रोसचा मुलगा कलोनिमस गादीवर असल्याचं लिहून ठेवलं. पुढे १२८६ साली आर्लमध्ये जन्मलेला कलोनिमस बेन कलोनिमस हा अरबीतून हिब्रूत आणि लॅटिनमध्ये भाषांतरं करणारा, नेपल्सचा राजा रॉबर्ट याच्या पदरी राहिलेला पंडित. मोठा इरसाल माणूस : तल्मूदच्या भाषेची नक्कल करून पुरीम सणाचं विडंबन लिहिणारा, आणि 'एव्हन बोहान' या पुस्तकात आपण पुरुषाऐवजी बाई म्हणून जन्मलो असतो तर बरं झालं असतं, असं रडगाणं अर्धं थट्टेत, अर्धं मनापासून गाणारा. बाप आणि मुलगा दोघांचं एकच नाव, हे अश्केनाझी रिवाजात बसत नाही. दक्षिणेकडे रीत निराळी होती. म्हणजे नाव एक, पण ते पुढे नेण्याचे नियम प्रदेशाप्रदेशाला वेगळे.

दुसरं उत्तर म्हणजे नावांविषयी ज्यूंनी काय मानावं हे ठरवण्यातही याच कुळाचा हात होता. श्पायरच्या शमुएल बेन कलोनिमसचा मुलगा यहूदा हा 'हासीद', म्हणजे भक्त या बिरुदाने ओळखला जातो. १२१७ साली रेगेन्सबुर्गला तो वारला. त्याच्या नावावर असलेल्या मृत्युपत्रात नावांचे निर्बंध आहेत. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे आपल्या आईचं जे नाव तेच नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. आठशे वर्षांनंतरही कित्येक धार्मिक कुटुंबांत सोयरीक जुळवताना मुलीचं आणि होणाऱ्या सासूचं नाव पहिल्यांदा विचारलं जातं, ते या कलोनिमसच्या नातवामुळे. नाव हा त्याच्या लेखी जिवाचा भाग होता, हाक मारायची सोय नव्हती. अशा माणसाला आपल्या आजोबाचं नाव ग्रीक आहे याची चिंता वाटल्याचं दिसत नाही.

आता बायकांकडे पाहिलं की व्यवस्था आणखी स्पष्ट होते. वर उल्लेखिलेल्या वर्म्सच्या एलिआझारच्या घरावर ११९६ साली दोन सशस्त्र माणसांनी हल्ला केला. त्याची बायको आणि दोन मुली मारल्या गेल्या. बायकोचं नाव दुल्चा, थोरल्या मुलीचं बेलेट, धाकटीचं हन्ना. एलिआझारने त्यांच्यासाठी लिहिलेला विलाप उपलब्ध आहे. बायको व्यवहार करून घर कसं चालवी, बायकांना प्रार्थना कशी शिकवी, तेरा वर्षांची बेलेट शिवणकाम आणि प्रार्थना कशी शिकली होती, सहा वर्षांची हन्ना रोज काय म्हणे, हे त्यात आहे. दुल्चा म्हणजे लॅटिन वळणाची गोड, बेलेट म्हणजे फ्रेंच वळणाची सुंदर. बायकांना तोरा वाचायला बोलावलं जात नसे, त्यामुळे त्यांच्या नावांना पवित्र जोडीची गरज पडली नाही. बोलीभाषेतलं नाव एकटंच पुरलं आणि पिढीगणिक बोली बदलली तसं बदलतही गेलं. पुरुषाच्या नावाला हा मोकळेपणा नव्हता. त्याच्यावर पुकाऱ्याचं, दस्तऐवजाचं, थडग्याचं ओझं होतं, म्हणून तिथे एकदा शिरलेलं नाव टिकलं. कलोनिमस पुरुषाचं नाव होतं, हे त्याच्या आयुष्यमानाचं एक अगदी साधं कारण आहे.

सर्वांत तिखट आक्षेप धर्माच्या आतूनच येतो. एका जुन्या मिद्राशमध्ये, म्हणजे बायबलवरच्या भाष्यात, म्हटलं आहे की इजिप्तच्या गुलामीतून इस्राएलींची सुटका झाली त्याचं एक कारण म्हणजे त्यांनी आपली नावं बदलली नाहीत. रऊबेनला रूफस म्हटलं नाही, बेन्यामीनला अलेक्झांडर म्हटलं नाही. एकोणिसाव्या शतकात प्रेसबुर्गचे मोठे राव्वी मोशे सोफेर, ज्यांना 'हाताम सोफेर' म्हणतात, त्यांनी नाव, भाषा आणि पोशाख जपण्याचा इशारा मृत्युपत्रात दिला, आणि त्यांच्या अनुयायांनी तो घोषवाक्यासारखा मिरवला. मग कलोनिमस म्हणजे याच पापाची खूण नव्हे का? याला तल्मूदनेच उत्तर देऊन ठेवलं आहे. 'गिट्टीन' प्रकरणात एका कायदेशीर चर्चेच्या ओघात अगदी सहज म्हटलं जातं की देशाबाहेरच्या बहुतेक ज्यूंची नावं परधर्मीयांसारखीच असतात. तक्रार म्हणून नाही, वस्तुस्थिती म्हणून. मिश्नातल्या आचार्यांच्या नामावळीत अँटिगोनस आहे, हिर्कानोसचा मुलगा एलिएझर आहे, तार्फोन आहे, सुमाखोस आहे. ग्रीक संस्कृतीविरुद्ध बंड केलेल्या मक्काबी घराण्याच्या पुढच्या पिढ्यांत राजे झाले ते हिर्कानोस, अरिस्टोबुलोस आणि अलेक्झांडर. मोर्दखायच्या नावात बाबिलोनचा मार्दुक दडलेला आहे, आणि मोशे हे नावही भाषाशास्त्रज्ञ इजिप्तकडे नेतात. मिद्राशने नको म्हटलेलं अलेक्झांडर तर पुढे जोडनावांत पवित्र जागेवर बसलं : अलेक्झांडर सेंडर, अलेक्झांडर झिस्किंड. मिद्राशचं म्हणणं मी असं वाचतो : त्याचा राग आहे तो नाव बदलण्यावर, म्हणजे बापाने दिलेलं टाकून शेजाऱ्याचं उचलण्यावर. कलोनिमस कोणी बदलून घेतलेलं नव्हतं. ते बापाकडून आलं होतं. नाव जपा असं बजावणाऱ्यांच्या हिशेबाने मुलाला कलोनिमस म्हणणं म्हणजे नाव जपणंच.

परक्या भाषेशी नाव जोडण्याचा दुसरा एक मार्ग मराठी वाचकांच्या शेजारीच आहे. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने बायबलमधली नावं ठेवली, पण ती मराठीच्या वळणावर आणली. शमुएलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, मोशेचा मुसाजी. आणि आडनावं गावांवरून पडली, पेणकर, रोहेकर, किहीमकर. १७९६ साली मुंबईत मांडवीला शहरातलं पहिलं सिनेगॉग बांधणाऱ्या सॅम्युअल इझिकेल दिवेकरांना लोक सामाजी हसाजी म्हणत. मशीद बंदर स्टेशनाचं नाव या 'जुन्या मशिदी'वरूनच पडलं, असं मानलं जातं. इथे गाभा हिब्रू आणि कवच मराठी आहे. कलोनिमसमध्ये गाभाच ग्रीक. दोन्हीकडे समाजाने अडवलं नाही. शनिवार पाळणाऱ्या या बेने इस्रायल तेल्यांच्या घरातला हसाजी ज्यू आहे की नाही, हे त्याच्या नावापुढच्या 'जी'ने ठरत नव्हतं.

ऱ्हाइनकाठून ज्यू पोलंडकडे सरकले तसं कलोनिमसही सरकलं, पण रोजच्या बोलण्यात ते आखूड झालं. शलोमोचं झाल्मन झालं तशाच धर्तीवर कलोनिमसचं काल्मन. पोलंडमधल्या हासिदी परंपरेत या नावाचा मोठा माणूस म्हणजे क्राकुफचे कलोनिमस काल्मन एपस्टाइन. १८२३ साली ते वारले. 'माओर वाशेमेश' हा त्यांच्या प्रवचनांचा ग्रंथ. त्यांच्या वंशात १८८९ साली जन्मलेल्या मुलाला तेच जोडनाव मिळालं : कलोनिमस काल्मन शापिरा, वॉर्साजवळच्या पिआसेच्‌नोचे राव्वी. १९३९च्या सप्टेंबरातल्या बाँबहल्ल्यात त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. त्यानंतर १९४२च्या उन्हाळ्यापर्यंत वॉर्साच्या घेट्टोत त्यांनी प्रवचनं केली आणि लिहून ठेवली. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुमच्या गटाने घेट्टोची कागदपत्रं पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये जमिनीखाली पुरली, त्यांत हेही कागद होते. १९५० साली तो ठेवा उकरताना ते मिळाले आणि १९६० साली इस्राएलमध्ये 'एश कोदेश' नावाने छापले गेले. राव्वी स्वतः नोव्हेंबर १९४३ मध्ये त्राव्निकीच्या छावणीत मारले गेले. हे नाव आज विरळ का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. मेलेल्याचं नाव ठेवायला मागे कोणी तरी जगावं लागतं. क्राकुफ आणि वॉर्साच्या परिसरात काल्मन नावाच्या माणसांबरोबर त्यांची नातवंडंही गेली. उरलेलं अर्धं उत्तर इस्राएलमधलं. नव्या राष्ट्राला हिब्रू नावं हवी होती, एक-दोन अवयवांची, उन्हात रापलेली. कलोनिमस त्यांना जुन्या वस्तीचा वास असलेलं वाटलं. गंमत म्हणजे वस्तीतल्या धार्मिकांना जे पुरेसं हिब्रू होतं, ते धर्म बाजूला ठेवलेल्या राष्ट्रवाद्यांना पुरेसं हिब्रू नव्हतं. आज ते मुख्यतः हासिदी कुटुंबांत टिकून आहे, तेही बहुधा नुसतं काल्मन म्हणून.

काल्मनबद्दल एक शेवटची शंका उरते. हंगेरीत काल्मान हे जुनं ख्रिस्ती नाव आहे, बहुधा आयरिश संत कोलमानकडून आलेलं. मग ज्यू काल्मन हे तिथूनच उचललेलं नसेल कशावरून? ध्वनी जुळतो, हे खरं. पण ज्यू कागदांत काल्मनच्या मागे पवित्र नाव म्हणून पुनःपुन्हा उभा राहतो तो कलोनिमस. काल्मन बाहेरून आलेलं असतं तर त्याला एवढी ठरलेली जोडी मिळण्याचं कारण नव्हतं. दोन वेगळ्या झऱ्यांचं पाणी एका ध्वनीत येऊन मिळालं आहे, इतकंच. या दोन नावांची गाठ इतिहासाने एकदाच घालून दिली, आणि ती चमत्कारिक आहे. माइन्त्सचा कलोनिमस आणि त्याचा समाज ज्याच्या फौजेने संपवला तो एमिखो पुढे पूर्वेकडे निघाला आणि त्याच १०९६च्या उन्हाळ्यात हंगेरीच्या सरहद्दीवर मोशोनला त्याच्या सैन्याचा धुव्वा उडाला. त्याला अडवणारा हंगेरीचा राजा काल्मान होता. आठशे वर्षांनी, १८८२ साली, हंगेरीतल्या शिओफोकच्या एका ज्यू घरात इम्रे कॉप्स्टाइन जन्मला. हंगेरियन वळणाचं आडनाव घ्यायचं त्याने ठरवलं आणि ऑपेरेटांचा संगीतकार म्हणून तो जगाला माहीत झाला तो इम्रे काल्मान या नावाने. त्याने घेतलं ते राजाचं नाव होतं. गालिसियातल्या कुठल्याही ज्यू आजोबांनी ते ऐकलं असतं तर त्यांना ते आपल्यातल्याच एखाद्या काल्मनचं वाटलं असतं.